शुब्रातला दुसरा नाताळ

गुरुवार, २ जानेवारी

इजिप्तमध्ये नाताळ ७ जानेवारीला. त्यामुळे वसईचे फुगे-करंज्या खाऊन, नवीन वर्षाची मिस्सा उरकून आम्ही दोघं कैरोत उतरलो, तर इथले ख्रिस्ती लोक अजून उपास धरून बसलेले. नाताळआधी ४३ दिवस मटण, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. मासळी चालते, पण बुधवारी आणि शुक्रवारी तीही नाही. वर्षभराचे उपास मोजले तर दोनशेच्या वर दिवस भरतात. आम्ही चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी मांस सोडतो आणि त्याचंही कौतुक करून घेतो.

यजमान म्हणजे ह्यांचे कुवेतमधले जुने सहकारी. हिशेबखात्यात वीस-बावीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी होती. निवृत्तीनंतर ते शुब्रात, आपल्या वडिलांच्या घरी परतले. शुब्रा म्हणजे कैरोच्या उत्तरेकडची जुनी, खच्चून भरलेली वस्ती. ख्रिस्ती लोक इथे पूर्वीपासून मोठ्या संख्येने राहतात. देशात ते किती, यावर एकमत नाही. दहा टक्क्यांच्या आसपास असं सगळे म्हणतात, पण सरकार जनगणनेतला धर्माचा आकडा जाहीर करत नाही आणि चर्चचा आकडा नेहमी जास्त असतो.

दुपारी मेट्रोने मार गिर्गिसला गेलो. मी बायकांच्या डब्यात चढले. डब्यात डोकं उघडं असलेल्या बायका मोजक्याच. समोरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या मनगटाकडे. तिच्या स्वतःच्या मनगटावर आतल्या बाजूला छोटा निळसर क्रूस गोंदलेला होता. माझं मनगट कोरं. ती जराशी गोंधळली, तरी सरकून जागा दिली.

स्टेशनबाहेर पडलं की समोरच रोमन काळातल्या बाबिलोन किल्ल्याचे गोल बुरूज. किल्ल्याच्या दक्षिण दरवाजावर बांधलेलं म्हणून त्या देवळाचं नाव ‘लटकतं चर्च’, अरबीत अल-मुअल्लका. एकोणतीस पायऱ्या चढून जायचं. छत लाकडी, उलट्या ठेवलेल्या नावेसारखं. नोहाच्या तारवाची आठवण म्हणून तसं, असं सांगतात. मला सगळ्यात आवडलं ते प्रवचनाचं संगमरवरी पीठ. तेरा बारीक खांबांवर उभं आहे, प्रभू आणि बारा शिष्य. एक खांब काळा, तो यहूदाचा. यहूदाला काढून टाकलेलं नाही, तोही वजन पेलतोय.

गल्लीत खाली अबू सर्गाचं चर्च. त्याच्या तळघरात पवित्र कुटुंब हेरोदापासून लपून राहिलं अशी श्रद्धा आहे. थोडं पुढे बेन एझ्रा सिनेगॉग, आणि किल्ल्याच्या बाहेर जरा चालत गेलं की अम्र इब्न अल-आसची मशीद, आफ्रिकेतली पहिली. सातव्या शतकात अम्रचं सैन्य आलं तेव्हा इथे ख्रिस्ती राज्य होतं, पण ते बायझंटाईन सम्राटाचं. सन ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेत ख्रिस्ताच्या स्वरूपावरून कॉप्टिक लोक, म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती, आणि बाकीचं साम्राज्य वेगळे झाले होते, आणि सम्राटाने त्यापायी त्यांचा बराच छळ केला होता. म्हणून नव्या राज्यकर्त्यांच्या येण्याने सगळेच रडले असं नाही. यजमान हे सगळं बांगड्या विकणाऱ्या पोरांना हाताने बाजूला सारत सांगत होते.

परत येताना त्यांनी सहज आपलं ओळखपत्र दाखवलं. नाव, पत्ता, व्यवसाय आणि मागच्या बाजूला धर्म: मसीही. बँकेत, इस्पितळात, पोलीस चौकीत, घर भाड्याने घेताना हेच कार्ड पुढे करायचं.

शुक्रवार, ३ जानेवारी

इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी कचेऱ्या चालू. त्यामुळे शुब्रातल्या चर्चमध्ये खरी गर्दी शुक्रवारी सकाळी. मुलांची ‘संडे स्कूल’सुद्धा शुक्रवारी भरते.

चर्चच्या दारात आधी सिमेंटचे ठोकळे, मग पोलिसांची गाडी, मग धातुशोधक चौकट. चौकटीपलीकडे चर्चचेच स्वयंसेवक, विशी-बाविशीतले. अनोळखी माणूस दिसला की उजवं मनगट पाहतात. यजमानीणबाई आणि सून पुढे गेल्या, मला अडवलं. भारतीय पासपोर्टवर धर्म लिहिलेला नसतो हे त्या पोराला पटेना. शेवटी मी पर्समधली रोझरी काढली, सूनबाईने अरबीत काहीतरी झापलं, आणि तो लाजून बाजूला झाला. राग येण्यासारखं काही नव्हतं. ११ डिसेंबर २०१६ ला अब्बासियातल्या मुख्य कॅथीड्रलला लागून असलेल्या चर्चमध्ये बायकांच्या बाजूला बॉम्ब फुटला. पुढच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी तांता आणि अलेक्झांड्रियात एकाच दिवशी दोन स्फोट झाले. तेव्हापासूनची ही तपासणी.

आत बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे. उपासना तीन तास चालली. अरबीच्या मधेमधे कॉप्टिक, म्हणजे फारोंच्या भाषेची शेवटची पिढी. आता ती घरात कोणी बोलत नाही, पण इथे लहान पोरंही तोंडपाठ म्हणत होती. झांजा आणि लोखंडी त्रिकोण एवढीच वाद्यं. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सगळे चपला-बूट काढून रांगेत, आणि मी बाकावर. कॅथलिकांना इथे ख्रिस्तप्रसाद मिळत नाही. हे आधीच ठाऊक होतं, तरी चाळीस वर्षांच्या सवयीने पाय उठायला निघालेच.

बाहेर पडताना मात्र अबूनांनी (फादरना इथे अबूना म्हणतात) हातावर पाव ठेवला. त्याला ‘ओर्बान’ म्हणतात. तळहाताएवढा, गोल, गरम. वर लाकडी ठशाने उमटवलेला मधला मोठा क्रूस, भोवती बारा लहान क्रूस आणि पाच भोकं, प्रभूच्या पाच जखमांची. मिठाचा कण नाही. भूक एवढी लागली होती की फाटकापर्यंत संपलासुद्धा.

दुपारी फूल, ताअमिया आणि कोशरी. फूल म्हणजे रात्रभर शिजवलेला बाकला, ताअमिया त्याचेच वडे, कोशरी म्हणजे भात, मसूर आणि मॅकरोनी एकत्र. इजिप्तचं हे रोजचं जेवण तसंही बिनदुधा-मांसाचं असल्याने उपासाला वेगळी धावाधाव करावी लागत नाही. बेकऱ्यांत बिस्किटांवर ‘सियामी’ लिहिलेलं असतं, म्हणजे उपासाचं. काउंटरवरचा दाढीवाला मुसलमान पोरगा कुठलं बिस्कीट सियामी आणि कुठल्यात लोणी आहे ते यजमानीणबाईंना न विचारता सांगत होता.

संध्याकाळी संत तेरेझाच्या बॅसिलिकेत गेलो. मेट्रो स्टेशनलाही तिचंच नाव आहे. हे कॅथलिक चर्च, त्यामुळे मी जरा ऐटीत शिरले. भिंतीभर नवस फेडल्याच्या संगमरवरी पाट्या, अरबी, फ्रेंच आणि आणखी कुठल्या कुठल्या भाषांत. मेणबत्ती लावणाऱ्यांत हिजाबातल्या बायका निम्म्या तरी असतील. बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला गेलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

शनिवार, ४ जानेवारी

मुकत्तम. याच्यासाठी मी यजमानांच्या मागे लागले होते आणि ते टाळत होते. "तिथे वास येतो," एवढंच म्हणत. खरं कारण वेगळं असावं. शुब्रातल्या नोकरदार कॉप्टांना कचरावाले कॉप्ट आपले म्हणायला थोडे जड जातात.

मन्शियत नासर ही मुकत्तम टेकडीच्या पायथ्याची वस्ती. इथले लोक ज़ब्बालीन, म्हणजे कचरा गोळा करणारे, बहुतेक सगळे ख्रिस्ती. १९४० च्या दशकात वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तमधून, मुख्यतः असियूतकडून जमीन नसलेली ही माणसं आली. कैरोत घरोघरचा कचरा उचलू लागली. ओला कचरा डुकरांना घालायचा, सुका वेगळा करून विकायचा. डुकरं पाळायची म्हणजे ते काम ख्रिस्ती लोकांकडेच येणार. शहराने त्यांना दोन-तीनदा हुसकावलं, मग १९७० च्या सुमारास ते या टेकडीखाली स्थिरावले.

गाडी गल्लीत शिरली की काच वर करावीशी वाटते. मी केली नाही. घरांच्या तळमजल्यावर गोण्यांचे डोंगर. एका दारात मायलेकी बसल्या होत्या. समोर नुसत्या प्लास्टिकच्या बाटल्या. मुलगी झाकण फिरवून काढायची, झाकण एका टोपलीत, बाटली दुसरीकडे. आई सुरीने बाटलीवरचा छापील कागद सोलायची. पारदर्शक, हिरव्या, निळ्या, तीन ढीग. दोघींचे हात बोलण्यात खंड न पाडता चाललेले. मी उभी राहिले तशी मुलीने मनगट वर करून क्रूस दाखवला आणि हसली. हे लोक उचललेल्या कचऱ्यापैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत माल परत वापरात आणतात असं म्हणतात. इतकं तर यंत्रं घेऊन आलेल्या परदेशी कंपन्यांनाही जमलं नव्हतं.

२००९ साली स्वाइन फ्लूची हूल उठली आणि सरकारने देशातली सगळी, सुमारे तीन लाख, डुकरं मारून टाकली. डुकरांमुळे हा ताप पसरत नव्हता, आंतरराष्ट्रीय संस्था तसं ओरडून सांगत होत्या. ज़ब्बालीनांचं उत्पन्न गेलं. मग त्यांनी ओला कचरा उचलणं सोडलं आणि कैरोच्या रस्त्यांवर तो कुजत पडला. शहराला तेव्हा कळलं कोण काय करत होतं ते. आता डुकरं हळूहळू परत आली आहेत, पण कोणी दाखवत नाही.

वस्ती ओलांडून वर गेलं की एकदम डोंगराच्या पोटात चर्च. संत समान (सायमन) चांभाराचं. गुहा एवढी मोठी की वीस हजार माणसं बसतात, नाट्यगृहासारखी उतरती बाकं, वर नुसता खडक. गोष्ट अशी: दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल-मुइज़ने पोप अब्राहामला (कॉप्टिक चर्चचा पोप वेगळा, रोमचा नव्हे) आव्हान दिलं की मोहरीएवढ्या विश्वासाने डोंगर हलतो म्हणता ना, मग हलवून दाखवा. पोपने तीन दिवस सगळ्यांना उपास करायला लावला आणि समान नावाच्या एकाक्ष कातडे कमावणाऱ्याला पुढे केलं. प्रार्थनेबरोबर मुकत्तम तीनदा वर उचलला गेला. नाताळच्या चाळीस दिवसांच्या उपासाला ते तीन दिवस जोडले गेले, म्हणून ४३.

गोष्टीतला डोंगर हलला की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण संकटात चर्चला तारणारा माणूस कोण, तर चांभार, आणि त्याचं देऊळ कुठे, तर कचरावाल्यांच्या वस्तीत, हे मला फार बरोबर वाटलं. यजमान खाली उतरताना गप्प होते. गाडीजवळ आल्यावर त्या बाटल्या सोलणाऱ्या बाईला त्यांनी स्वतःहून "कुल्ल सना वेन्ती तय्येबा" म्हटलं. सणाच्या शुभेच्छा.

रविवार, ५ जानेवारी

सकाळच्या गाडीने मिन्या. नाईलच्या काठाने चारेक तास, ऊस आणि खजूर. स्टेशनवर साध्या कपड्यातला पोलीस वाट पाहत होता. परदेशी पाहुणे म्हटल्यावर पुढे एक पोलिसगाडी आलीच. तिला नको म्हणायची सोय नाही.

समालूतजवळच्या अल-ओर गावात गेलो. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘इस्लामिक स्टेट’ने केशरी कपड्यांतल्या एकवीस मजुरांचे गळे चिरले आणि ते चित्रण जगाला दाखवलं. त्यातले वीस कॉप्टिक होते, तेरा या एका गावचे. एकविसावा घानाचा, मॅथ्यू. सगळे सिर्तमध्ये बांधकामावर होते. गावातल्या घरांवर जे पक्के मजले दिसतात ते लिबियाच्या पैशाचे. आमच्या अर्नाळ्या-निर्मळकडचे दुमजली बंगले आखाताच्या पैशाचे, तेच.

राष्ट्राध्यक्ष सिसींनी सरकारी खर्चाने इथे चर्च बांधायचा हुकूम दिला. तर गावातल्याच काही लोकांनी विरोधात मोर्चा काढला, दगडफेक केली. शेवटी जागा बदलून चर्च गावाच्या कडेला बांधलं गेलं, २०१८ मध्ये उघडलं, आणि त्याच वर्षी लिबियातून आलेले मृतदेह तिथे आणले गेले. म्हणजे देशाच्या सर्वोच्च माणसाचा हुकूम हातात, मेलेले तेरा जण गावचे, आणि तरी गावाच्या मध्यभागी चर्च नाही.

हे समजायला चर्च बांधायचा कायदा माहीत हवा. १८५६ च्या उस्मानी फर्मानाप्रमाणे चर्चला सुलतानाची परवानगी लागे. सुलतान गेला, राजा आला, राजा गेला, राष्ट्राध्यक्ष आला. परवानगी तशीच राहिली, बरीच वर्षं डागडुजीलासुद्धा. १९३४ मध्ये त्यात दहा अटींची भर पडली: जवळ मशीद किती अंतरावर, शेजारच्या मुसलमानांची हरकत आहे का, वगैरे. मग लोक घरातच प्रार्थना भरवत, कोणीतरी बोभाटा करी, जमाव येई, आणि पोलीस घराला कुलूप लावत, कारण परवाना नाही. २०१६ च्या ८० क्रमांकाच्या कायद्याने अधिकार राज्यपालांकडे दिले, चार महिन्यांत निर्णयाची मुदत घातली. तेव्हापासून तीन हजारांहून जास्त चर्च आणि जोडइमारती कायदेशीर झाल्या. हे खरंच मोठं काम आहे. मशिदीला मात्र हा कायदा लागू नाही, तिची वाट वेगळी आणि बरीच सोपी.

आत एकवीस जणांचं मोठं चित्र. अंगावर तेच केशरी कपडे, डोक्यांवर मुकुट. मॅथ्यूचा काळा चेहरा इतरांच्या रांगेत. एका आईशी बोललो. तिच्याकडे फार बोलण्यासारखं नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. तिने चहा दिला आणि ह्यांना विचारलं, तुमची मुलं परदेशात आहेत का. आहेत म्हटल्यावर म्हणाली, फोन करतात ना रोज?

सोमवार, ६ जानेवारी

दुपारी कैरोत परतलो. आजचा उपास कडक, मासळीही नाही. घरात मात्र रात्रीची तयारी. फत्ता म्हणजे पाव, भात आणि मटण; त्याचा रस्सा उकळतोय, लसूण-व्हिनेगरची फोडणी पडतेय, आणि कोणी चमचाभर चाखतही नाही.

रात्रीच्या मिस्साला निघण्याआधी टीव्ही लागला. नव्या राजधानीतल्या ‘नेटिव्हिटी’ कॅथीड्रलमधून थेट प्रक्षेपण. हे चर्च सरकारने उभारलं, ६ जानेवारी २०१९ ला उघडलं, त्याच दिवशी तिथली भव्य मशीदही. सिसी आले, पोप तवाद्रोस दुसरे यांच्या शेजारी उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या. २०१५ पर्यंत इजिप्तचा कुठलाही राष्ट्राध्यक्ष नाताळच्या मिस्साला आला नव्हता. यजमानांचे डोळे भरून आले. "आमच्या लहानपणी हे स्वप्नातही नव्हतं," ते म्हणाले.

सून औषधविक्रेती आहे, सातवा महिना. तिने आवाज कमी केला. "अम्मो, ते येतात हे चांगलंच आहे. पण वाटणीचं काय?" मग मला समजावून सांगितलं. घटनेच्या कलम ३ प्रमाणे ख्रिस्ती लोकांच्या कौटुंबिक बाबी त्यांच्या धर्मनियमांनी चालाव्यात. तरी वारसाहक्काच्या खटल्यांत कोर्टं सर्रास शरियाप्रमाणे वाटणी करत, भावाला बहिणीच्या दुप्पट. हुदा नसरल्लाह नावाच्या कॉप्टिक वकीलबाई भावांना सोबत घेऊन लढल्या आणि २०१९ मध्ये समान वाटा मिळवला. "माझे वडील गेले तेव्हा भावाने आपणहून अर्धं दिलं. भाऊ भला निघाला म्हणून. तो तसा नसता तर?" यजमान म्हणाले, "नुश्कुर अल्लाह." देवाचे आभार. वाद मिटवायचा असला की ते हेच म्हणतात, हे एव्हाना मला कळलं होतं.

मिस्सा मध्यरात्रीच्या आत संपली. गर्दी इतकी की स्वयंसेवकाने माझं मनगट पाहिलंच नाही. घरी येऊन जो फत्ता खाल्ला त्याबद्दल एवढंच लिहिते की ह्यांनी तिसऱ्यांदा घेतला.

मंगळवार, ७ जानेवारी

आज सगळ्या देशाला सुट्टी. २००३ पासून कॉप्टिक नाताळ ही राष्ट्रीय सुट्टी आहे. सकाळपासून दाराची घंटा. वरच्या मजल्यावरच्या हाजीण बाई काहकचा डबा घेऊन आल्या. साखरेत घोळवलेली ही बिस्किटं ईदलाही हीच, नाताळलाही हीच. दरवर्षी काही कर्मठ सलाफी पंथाचे मौलवी ख्रिस्ती लोकांना सणाच्या शुभेच्छा देणं निषिद्ध असल्याचं सांगतात, आणि दरवर्षी कैरोचं जुनं इस्लामी विद्यापीठ अल-अज़हर त्यात काही गैर नाही असं सांगतं. हाजीण बाईंनी यातलं काही विचारात घेतल्याचं दिसलं नाही. त्यांना सुनेचं पोट पाहायचं होतं.

त्यावरून बाळाच्या नावाचा विषय निघाला. पोप किरोलोस सहावे यांच्यावर यजमानांची मोठी श्रद्धा, तेव्हा मुलगा झाला तर किरोलोस. यजमानांच्या मुलाला, म्हणजे होणाऱ्या बापाला, ‘आदम’ हवंय. किरोलोस म्हटलं की पहिल्या दिवशी वर्गात, पहिल्या मुलाखतीत, फुटबॉलच्या निवडीत लगेच कळतं. आदम म्हटलं की निदान आडनावापर्यंत वेळ मिळतो. "वेळ कशासाठी?" यजमानांनी विचारलं. "त्यांनी मला खेळताना बघायला," मुलगा म्हणाला. तो शाळेत चांगला गोलकीपर होता, हे नंतर सुनेने सांगितलं.

मला विचारलं, तुमच्याकडे कसं? मी सांगितलं की आमची नावंच काय, पोर्तुगीज आडनावंसुद्धा लांबून ओळखू येतात, लपवायची सोयच नाही. आणि मुंबईत घर भाड्याने घेताना ती कधीकधी आड येतातही. यजमानांनी हे ऐकून मुलाकडे विजयी नजरेने पाहिलं. मला त्यात त्यांचा विजय कुठे होता ते कळलं नाही.

सून म्हणाली, "मुलगी झाली तर मरियम. दोन्हीकडे चालतं."

"घरात तीन मरियम आहेत," यजमानीणबाई आतून ओरडल्या. "चौथीला हाक मारली की चौघी धावत येतील." मग हाजीण बाई म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या जावेचं नावही मरियमच, आणि त्यांच्या घरातल्या मरियम मोजायला सुरुवात झाली.